शेजारच्या मुलाची आबाळ होतेय असं वाटतंय? काय बघायचं, कुणाला सांगायचं आणि पुढे काय होतं

पोरगं उपाशी दिसतंय, दिवस दिवस बाहेर असतं, त्याला विचारणारं कुणी नाही, हे आजूबाजूच्या दहा जणांना माहिती असतं तरी फोन कुणीच करत नाही. कारण प्रत्येकाच्या डोक्यात तेच चाललेलं असतं, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं, उद्या भांडण आपल्याच दारात येईल, आणि मारहाण तर दिसत नाहीये मग सांगणार तरी काय. ज्यांनी असं काही पहिल्यांदाच पाहिलंय आणि काय करावं कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की काहीतरी मोठं घडेल मग बघू असं करत थांबू नका, कारण आबाळीत बऱ्याचदा मोठं असं काही घडतच नाही, रोज थोडं थोडं होत राहतं आणि तीन वर्षांनी कळतं की पोरगं वाढलंच नाही, शाळा सुटली, कान कायमचा गेला. लवकर सांगितलं तर बहुतेक वेळा मूल घरातच राहतं आणि घराला आधार मिळतो. उशीर झाला की मग बालगृहाची वेळ येते.

आधी हे समजून घ्या की आबाळ कशाला म्हणायचं

आपल्याकडे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ हा कायदा आहे आणि तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होतो, म्हणजे सतरा वर्षांचा पोरगाही त्यात येतो. ज्या मुलाला घर नाही, ज्याला भीक मागायला किंवा बेकायदा कामाला लावलंय, ज्याचं लग्न लावून द्यायचं चाललंय, जे अशा माणसाजवळ राहतंय ज्याने त्याला मारलंय किंवा त्याची हेळसांड केलीय, अशा सगळ्यांना कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं म्हणतो. हे शब्द लक्षात ठेवा, अर्ज लिहिताना कामाला येतात.

खाण्यापिण्याची आबाळ पटकन दिसते. लहान बाळाचं वजन महिनोन्महिने वाढत नाही, केसांत उवा-लिखा भरल्यात, थंडीतही अंगावर एकच फ्रॉक. पण लक्ष न ठेवणं हीसुद्धा आबाळच आहे, म्हणजे चार वर्षांच्या पोराला दिवसभर खोलीत कोंडून जाणं किंवा सात वर्षांच्या मुलीवर सहा महिन्यांचं बाळ टाकून जाणं. औषधपाण्याची आबाळ त्याहून कमी लोकांच्या लक्षात येते. कान वाहतोय, कापसाचा बोळा घातलाय, विचारलं तर म्हणतात "त्याला लहानपणापासून आहे ते", आणि डॉक्टरला एकदाही दाखवलेलं नाही, तर ते पोर पुढे वर्गात ऐकू येत नाही म्हणून ढ ठरतं. शाळेत न पाठवणं आहेच. आणि शेवटची, जी मोठमोठ्या सोसायट्यांतही असते, ती म्हणजे मुलाशी कुणी बोलतच नाही. फ्लॅट आहे, मोबाईल आहे, हातात पैसे आहेत पण आईवडील आठवड्यात एकदा दिसतात आणि दहावीतलं पोर रात्री एकटंच मॅगी करून खातंय. श्रीमंत घर आहे म्हणून याला आबाळ म्हणायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

मुलींचं वेगळं सांगतो कारण ते आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की दिसतच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांत मुलांच्या छळाबद्दल मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १२,४४७ मुलांशी बोलले होते आणि ७०.५७ टक्के मुलींनी सांगितलं की घरच्यांकडून कुठल्या ना कुठल्या प्रकारे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. भावापेक्षा कमी वाढणं, भावंडं सांभाळायला घरी ठेवणं, आजारी पडली तर "बघू उद्या" म्हणणं, हे सगळं त्यात येतं.

गरिबीला आबाळ समजू नका, आणि गरीब आहेत म्हणून सोडूनही देऊ नका

इथे थोडं थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बीडकडचं ऊसतोड कामगाराचं कुटुंब दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्याला जातं ते मार्च-एप्रिलपर्यंत, पोरं एकतर बैलगाडीबरोबर फडात किंवा गावात आजीजवळ. आजीला नीट दिसत नाही, रेशनवर कसंबसं चाललंय, पोरगं शाळेत जात नाही. यात आईबापाचा जीव नाही का पोरावर? आहे ना, पण दोघं गेल्याशिवाय मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे, म्हणजे उचल, फिटत नाही. अशा घरावर पोलीस धाडून काय उपयोग, तिथे आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना ठेवायचं हंगामी वसतिगृह चालू आहे का, कारखान्यावर तोडकऱ्यांच्या पोरांसाठीची साखरशाळा आहे का, आजीला कुणी मदतीला आहे का हे बघावं लागतं. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचंही तेच.

मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. या घरात जे आहे त्यातलं मुलाला मिळतंय का? आणि मदत हातात दिली तर हे लोक ती मुलासाठी घेतात का? घरात दोनच भाकरी आहेत आणि त्यातली एक पोराला दिली तर ती गरिबी आहे, बाप रोज दारूला पैसे काढतो आणि पोराला भाकरी नाही तर ती आबाळ आहे. आशा ताई बाळाला दवाखान्यात न्यायला तीनदा येऊन गेल्या आणि तिन्ही वेळा दार लावून घेतलं तर ती आबाळ आहे. कायद्यालाही हा फरक कळतो. कलम ७५ मध्ये मुलाला जाणूनबुजून दुर्लक्षित ठेवणं किंवा टाकून देणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहे, पण जन्मदात्या आईबापांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरत नाहीत. दोन्हीत मदत मागायचीच आहे, फक्त सांगण्याची पद्धत बदलते.

पहिली पायरी: बघा आणि लिहून ठेवा

एका दिवसावरून काही ठरवू नका, लगेच धोका नसेल तर आठवडाभर नीट लक्ष द्या. वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये तारीख वेळ टाकून जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. म्हणजे असं: "सोमवार रात्री साडेनऊ, दोघी बहिणी जिन्यात बसल्यात, दाराला बाहेरून कुलूप, मोठी म्हणाली सकाळी वडापाव खाल्ला मग काही नाही. बुधवार, धाकटीच्या पायाची जखम अजून तशीच, माशा बसतायत, पट्टी नाही." बाई वाया गेलेली आहे, बाप बेवडा आहे असलं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही, उलट ऐकणाऱ्याला वाटतं यांचं आपसात काहीतरी भांडण आहे.

आणि पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. खात्री झाल्याशिवाय कसं सांगू म्हणून लोक वर्ष काढतात. तुम्हाला फक्त शंका सांगायचीय, खरं खोटं बघायला माणसं नेमलेली आहेत.

मुलाचा फोटो व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, फेसबुकवर तर अजिबात नाही. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी अशा मुलाची ओळख बातमीत किंवा कुठेही उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आणि कायदा बाजूला ठेवा, ते पोर उद्या मोठं होणार आहे आणि तो व्हिडिओ तेव्हाही फिरत राहणार आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. तान्हं बाळ एकटं कोंडलंय, मूल बेशुद्ध आहे, आत्ता मारहाण चालू आहे, तर वही बिही काही नको, सरळ तातडीच्या मदतीचा ११२ लावा. आणि लैंगिक छळाचा संशय आला तर ही आबाळ नाही, तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या वेगळ्या कायद्याचा विषय आहे आणि तिथे माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

दुसरी पायरी: मुलाशी बोलताना

चौकशी सुरू करू नका. "आई मारते का? बाबा पितात का?" असं विचारलं की मूल गप्प होतं, कारण आई कशीही असली तरी ती त्याची आई आहे आणि तिच्याविरुद्ध बोलायचं नाही एवढं चार वर्षांच्या पोरालाही कळतं. त्यापेक्षा सोबत बसा, काहीतरी खायला द्या, "आज काय काय केलंस?" एवढंच विचारा आणि ते जे सांगेल ते ऐका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" हे म्हणा, आणि तेच तेच चार जणांसमोर परत परत वदवून घेऊ नका.

घरच्यांशी बोलायचं का? दारू, हाणामारी, कोंडून ठेवणं असं असेल तर नाही, राग मुलावर निघतो. पण आई एकटी आहे, थकलीय, ओशाळलेली आहे असं दिसत असेल तर जरूर बोला, फक्त सुरुवात उपदेशाने नको. "वहिनी, संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत दोघी आमच्याकडे बसतील, चालेल का?" इथून सुरुवात करा. अशा एका वाक्याने पुढचं बरंच कळतं, कारण जिला खरंच मदत हवी असते ती रडायलाच लागते.

तिसरी पायरी: १०९८

हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर, चोवीस तास, फुकट. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून ही चाइल्डलाइन सुरू झाली, पुढे देशभर गेली, आणि २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास विभागांकडे आहे, ११२ ला जोडलेली. मूल स्वतःही फोन करू शकतं, शाळेतल्या पोरांना हा नंबर पाठ करून घ्या.

लोक फोन लावतात आणि मग गडबडतात, म्हणून आधीच कागदावर लिहून घ्या. साधारण असं बोला:

"मला एका मुलीबद्दल सांगायचंय. वय सात-आठ, सोबत तीन वर्षांची बहीण. पत्ता असा असा, खूण म्हणजे दत्तमंदिरासमोरची चाळ, पहिला मजला. गेले पंधरा दिवस दोघी सकाळपासून रात्रीपर्यंत एकट्या असतात, मोठी शाळेत जात नाही, धाकटीच्या पायाला जखम आहे. आई कामाला जाते, वडील दिसत नाहीत. रात्री नऊनंतर कुणीतरी घरी असतं. माझं नाव घरच्यांना सांगू नका."

पत्ता आणि खूण सगळ्यात महत्त्वाची, त्यावाचून टीम फिरून परत जाते. घरी कधी कुणी असतं ते सांगा. स्वतःचं नाव द्यायचं नसेल तर नका देऊ, पण नंबर दिलात तर पत्ता सापडला नाही तर ते विचारू शकतात. फोन ठेवायच्या आधी तक्रारीचा नंबर मागा आणि लिहून ठेवा.

१०९८ शिवाय दुसरी दारं

गावात असाल तर आधी अंगणवाडी ताईंकडे जा, खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा त्यांना तुमच्या आधीपासून माहिती असतं. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, कागदावर तरी सगळीकडे असते, तुमच्या गावात ती भरते का हे विचारलंत तरी थोडी हालचाल होते. बाळ खूपच हडकुळं असेल तर ताई दंडाचा घेर मोजतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा तो साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला की तीव्र कुपोषण, मग त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात आणि तिथे राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. ही मजुरीची गोष्ट आईला आधी सांगा, रोजगार बुडतो म्हणूनच ती जात नसते. कान, डोळे, हृदय यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येते, त्यांच्याकडून पुढचे उपचार मोफत होतात.

शाळेत वर्गशिक्षकांना सांगा, हजेरीपट त्यांच्या हातात असतो. पोलीस स्टेशनला जावं लागलं तर प्रत्येक ठिकाणी एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच भेटायचंय असं सांगा, ठाणे अंमलदारासमोर सगळी कहाणी सांगत बसू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात चौकशी करा. गोव्यात असाल तर तिथे याशिवाय गोवा बाल कायदा २००३ आहे आणि मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे.

टाकून दिलेलं बाळ सापडलं तर देवाने दिलं म्हणून घरी ठेवून घेऊ नका, कुणाला "गरजू जोडपं आहे" म्हणून देऊही नका. २४ तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला (तिच्याबद्दल खाली सांगतो) कळवावं लागतं, नाही कळवलं तर तो गुन्हा आहे.

पुढे काय होतं

लोकांना इथेच सगळ्यात जास्त भीती वाटते, की पोर उचलून नेतील. तर आधी टीम घरी येऊन बघते, बोलते. गरज वाटली तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असावीच लागते, आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल ताब्यात घेतलं असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे आणावं लागतं. मग समाजसेवक किंवा बाल कल्याण अधिकारी घरी, शाळेत, शेजारी चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल देतात, त्याला १५ दिवस, आणि अंतिम आदेश चार महिन्यांत.

आदेश म्हणजे दरवेळी बालगृह नव्हे. कायद्याचंच तत्त्व आहे की संस्था हा शेवटचा पर्याय. समुपदेशन, देखरेखीखाली आईवडिलांकडेच परत, मामा-मावशीकडे, पालक कुटुंबात, पैशाची मदत, हे सगळं आधी बघितलं जातं. प्रत्यक्षात सगळं इतकं सुरळीत चालतं असं मी म्हणणार नाही, जागा रिकाम्या असतात, तारखा पडतात, म्हणून तर तुम्ही मागे लागणं गरजेचं आहे.

पैशाच्या मदतीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे, महिन्याला प्रति मूल २,२५० रुपये, अनाथ, एकच पालक असलेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली अशी मुलं त्यात बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४,००० रुपये आहेत, त्याला उत्पन्नाची अट म्हणजे गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० पर्यंत. विधवा किंवा सोडून दिलेल्या आईसाठी हे पैसे म्हणजे पोरीला कामाला न लावता शाळेत ठेवणं. दोन्हींची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते. कागदपत्रं गोळा करायला त्या बाईसोबत एक दिवस जा, तलाठी कार्यालयात एकटीला चार हेलपाटे पडतात आणि चौथ्याला ती नाद सोडते.

तुम्हीच ती आई किंवा बाप असाल तर

असू शकता. बाळंतपणानंतर बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही, उठवत नाही, सतत रडू येतं, हे आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत, आणि टेलि-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं. दारू सुटत नाहीये तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. नवरा मारतो म्हणून पोरांकडे बघायची ताकद उरत नाही तर महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. आणि अगदीच सांभाळणं शक्य नाही असं झालं तर मूल कुठे सोडून येऊ नका, बाल कल्याण समितीपुढे जाऊन रीतसर सुपूर्द करता येतं. आधी समुपदेशन होतं, मग सही, आणि सहीनंतरही निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. यात कुणी तुम्हाला आरोपी म्हणून उभं करत नाही.

घटस्फोट चाललेल्यांना एक विनंती, समोरच्याला अडकवायला म्हणून १०९८ वापरू नका. ताब्याचा वाद कौटुंबिक न्यायालयात सोडवा, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे.

फोन केला आणि काहीच झालं नाही तर

चार-पाच दिवसांनी तक्रारीचा नंबर सांगून परत फोन करा, राग न धरता. तरी हललं नाही तर बाल कल्याण समितीला साधा अर्ज लिहा, वकील लागत नाही, फी नाही. वर "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाबाबत" असा विषय, खाली पत्ता, वहीतल्या तारखा जशाच्या तशा, १०९८ ला कधी कळवलं आणि तक्रार क्रमांक काय, एवढं एका पानात. एक प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना द्या, आणि तिथूनही उत्तर आलं नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. आपल्या झेरॉक्सवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि हे सगळं चालू असेपर्यंत त्या दोघींना संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला बोलवत राहा.